डेगीखालचा पाऊस

शांतवन मास्तरचा देवावर विश्वास होता आणि मापावरही होता, आणि ह्या दोघांचं आपसात कधी भांडण होईल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. वर्गात तो पोरांना सांगायचा, "पाऊस देव पाडतो. किती पाडला ते मोजायला त्यानं आपल्याला डोकं दिलं. एक त्याचं काम, एक आपलं." पोरं मान डोलवायची. पोरांचं काय, ती कशालाही मान डोलवतात.

माळसांगवी म्हणजे औशाच्या पुढं, माळावर पसरलेलं गाव. आधी ते उस्मानाबादेत होतं, मग लातूर जिल्हा झाला आणि गाव जागचं न हलता नव्या जिल्ह्यात गेलं. लोकांनी गुलाल उधळला, पेढे वाटले. त्यानंतर जो पाऊस रुसला तो रुसलाच. "जिल्हा नवा केला, पण ढगाला कुणी कळवलंच न्हाई वाटतं," असं टँकरचा ड्रायव्हर केरबा म्हणायचा, आणि घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया इतक्या वैतागलेल्या असायच्या की हसायच्याही नाहीत.

गावात ख्रिस्ती मंडळी थोडी. पण मिशनचं आवार मोठं, आणि त्या आवारात चर्चच्या उजव्या हाताला, काटेरी तारेच्या कुंपणात, सिमेंटच्या ओट्यावर सरकारी पर्जन्यमापक बसवलेला. जस्ताचा गोल डबा, वर नरसाळं, आत बाटली. शांतवनचा बाप मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. आधी तो हे मोजायचा. मरताना त्यानं पोराला दोन गोष्टी सोपवल्या. एक पवित्र शास्त्र आणि दुसरी ती काचेची मापनळी. म्हणाला, "जितका पडला तितकाच सांगायचा. जास्ती न्हाई, कमी न्हाई. खोटी साक्ष द्यायची न्हाई." तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला मास्तर अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून कुंपणाचं फाटक उघडायचा. डोक्यावरची टोपी काढून ओट्यावर ठेवायचा, कारण ती वाकताना पडायची. मग डब्यापुढं वाकायचा, नरसाळं अलगद उचलायचा, नळी डोळ्यापुढं धरून ओठातल्या ओठात आकडा म्हणायचा, आणि उलट्या पावली बाहेर यायचा, कारण फाटक बाहेर पडता पडता ओढूनच लावावं लागायचं.

आता तुम्हीच सांगा, हे रस्त्यावरून बघणाऱ्या माणसाला काय वाटेल?

गावाला वर्षानुवर्षं एक कोडं होतं. किरिस्तावांच्या देवळात मूर्ती नाही. आत बाकडी, समोर टेबल, टेबलावर पुस्तक. बिनमूर्तीचं देऊळ असतं कुठं? मग कधीतरी कुणाच्या तरी ध्यानात आलं, अरे, देव आत नाहीच, बाहेर आहे, कुंपणात! तो काय, मास्तर रोज सोवळ्यानं पूजा करतो. ह्यावर गावानं फार चर्चा केली नाही. एकदा पटलं की गाव चर्चा करत नाही. मास्तरला मात्र ह्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. कोण सांगणार? त्याला वाटायचं, बाया कुंपणापाशी आल्या की डोक्यावरचा पदर सारखा करतात तो ऊन लागतं म्हणून.

त्या साली श्रावण आला तरी माळावर हिरवं पातं नव्हतं. टँकर एक दिवसाआड यायचा. त्यात वरून हुकूम आला, की ज्या मापकावर एका दिवसात दोन इंच पाऊस नोंदला जाईल त्या मापकाखालच्या गावांचा टँकर बंद. पाऊस पडला म्हणजे पाणी आलं, असा साहेबलोकांचा सरळ हिशेब. आता माळसांगवीच्या डब्याखाली आसपासची सगळी गावं. दोन इंचानं विहिरीचा तळ तरी ओला होतो का, हे विहिरीला विचारायला कुणी आलं नाही. तेव्हापासून लोक मास्तरच्या डब्याकडं जरा भीतीनंच बघायला लागले.

चर्चचे पाळकसाहेब एलिया साळवे म्हणजे मनानं निर्मळ माणूस. प्रार्थना करताना खरोखर रडायचे. मास्तरचं आणि त्यांचं चांगलं जमायचं, फक्त डब्यावरून खटका उडायचा. "मास्तर, सासऱ्यानं लेकीच्या अंगावर सोनं घातलं आणि जावयानं तिथंच तराजू काढला, तर कसं दिसेल?" असं पाळकसाहेब म्हणायचे. मास्तर म्हणायचा, "सासरा खरा असला तर त्याला तराजूचं भय कशाला?" मग दोघंही हसायचे आणि चहा व्हायचा.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीला उपास-प्रार्थना सांगितली. दिवसभर अन्न नाही, पाणी तर तसंही नव्हतं. संध्याकाळी ते हात वर करून म्हणाले, "प्रभू, आम्हाला चिन्ह दे! मोठं नको, पण दिसेल असं दे!" मास्तर मागच्या बाकावर होता. त्यानंही मनापासून आमेन म्हटलं. घरी जाताना त्याची बायको सुवार्ता म्हणाली, "चिन्ह कशाला मागायचं? पाणीच मागायचं की सरळ." सुवार्ताचं बोलणं असंच होतं.

सोमवारी सकाळी मास्तर सवयीनं फाटक उघडून आत गेला, टोपी काढली, वाकला, आणि नरसाळ्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं.

पाणी! नरसाळं काठोकाठ. आतली बाटली भरलेली, बाटलीबाहेरचा डबा भरलेला. मास्तरनं आधी आभाळाकडं पाहिलं. लख्ख. मग जमिनीकडं. ओटा कोरडा, कुंपणातली माती भुगा, सरडा पळाला तर धूळ उडाली. त्यानं नळीनळीनं मोजलं. चार इंचांच्या वर गेलं. चार इंच पाऊस एका रात्रीत म्हणजे गाव वाहून जायला पाहिजे होतं, आणि इथं तर शेजारच्या शेणीसुद्धा सुकून खडखडीत!

नेमके तेव्हाच पाळकसाहेब आले. त्यांनी डबा पाहिला, माती पाहिली, चपला काढल्या आणि तिथंच गुडघे टेकले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मास्तर, ओळखलं का? शास्त्रात त्या माणसानं देवाकडं चिन्ह मागून रात्री खळ्यावर लोकर ठेवली होती. सकाळी लोकर ओलीचिंब आणि भोवतालची जमीन कोरडी! तेच, अक्षर अन् अक्षर तेच! आपण चिन्ह मागितलं, त्यानं दिलं." आणि मास्तर काही बोलायच्या आत त्यांनी जाऊन चर्चची घंटा बडवली.

बघता बघता गाव जमलं. ख्रिस्ती मंडळी गाणं म्हणायला लागली. बाकीचं गाव कुंपणाबाहेर हात जोडून उभं राहिलं. मास्तरनं घसा खाकरला आणि जे बोलायचं ते बोलला, "पाळकसाहेब, कुणीतरी पाणी ओतलंय."

"कुणी?" पाळकसाहेब उठले. रागावले नव्हते, उलट त्यांचा आवाज मऊ झाला. "मास्तर, तुम्ही विज्ञान शिकवता. मला अडाण्याला एवढंच सांगा. घोटभर पाण्यावरून ह्या गावात बाया एकमेकींच्या झिंज्या उपटून राहिल्या. परवा अण्णारावच्या गाईनं टँकरचा पाइप चाटला म्हणून भांडण झालं. अशा गावात कोण माणूस प्यायचं पाणी आणून पत्र्याच्या डब्यात ओतंल? कशासाठी? तुमच्या बुद्धीला हे पटतं?"

घ्या! युक्तिवाद बिनतोड होता. पाणी ओतणं ह्या गावात चमत्कारापेक्षा अवघड होतं.

सरपंच अण्णाराव मात्र घंटा ऐकून नव्हे, तर धोतर सावरत वेगळ्याच घाईनं आला. त्यानं मास्तरला बाजूला ओढलं. "किती भरलं?"

"चार इंच."

"मेलो! मास्तर, तुमच्या पाया पडतो, शून्य सांगा. तहसिलात फोनवर चार सांगितलं की उद्याच टँकर बंद. समदी गावं तहानेनं मरतील."

पाळकसाहेबांनी ते ऐकलं. "शून्य? देवानं भरलेल्या डब्याला शून्य म्हणायचं? मास्तर, ही साक्ष आहे. चार म्हंजी चार. ज्यानं चिन्ह दिलं तो टँकरचं बी बघंल."

मास्तर दोघांच्या मध्ये उभा. शून्य सांगावं तर डब्यात पाणी आहे. चार सांगावं तर पाऊस पडलेला नाही. दोन्हीकडून खोटी साक्ष! आणि टँकरच्या रांगेत त्याची स्वतःची बायको घागर घेऊन उभी असते, हेही त्याला ठाऊक होतं. बाप मरताना एवढं सोपं बोलून गेला, आणि आता बघा.

तो पोस्टात गेला आणि औशाच्या तहसिलात फोन लावला. तिकडं पाऊस लिहून घेणारे कारकून महादेवप्पा. मास्तर म्हणाला, "आजचा आकडा संशयास्पद हाय."

"मास्तर, रकान्यात संशय बसत न्हाई. आकडा बोला."

"मग मोजमाप झालं न्हाई असं लिवा."

"तुम्ही? मोजमाप न्हाई?" महादेवप्पांना धक्काच बसला. "बरं. मोजमाप नसलं की नियमानं औशाचा आकडा माळसांगवीला लावायचा असतो. औशाला आज शून्यच हाय, म्हणून तुमचं बी शून्य. पण उद्या नीट सांगा बरं का."

टँकर वाचला. पण मास्तरच्या डोक्यातला किडा वळवळायचा थांबेना. घरी आला, भाकरी समोर ठेवली तरी हात लावेना. सुवार्ता म्हणाली, "कुणी ओतलं ते कळलं न्हाई म्हणून माणूस उपाशी मरत नसतो. खावा." तिसऱ्या घासाला मास्तर ताडकन उठला आणि पाळकसाहेबांच्या घरी गेला.

"पाळकसाहेब, त्या लोकरीवाल्या माणसानं एकदाच बघून विश्वास ठेवला का?"

पाळकसाहेब खाटेवर पडले होते. ते उठून बसले. त्यांना पुढचं ठाऊक होतं. "न्हाई. त्यानं दुसऱ्यांदा मागितलं. उलटं."

"उलटं! लोकर कोरडी आणि जमीन ओली. म्हंजी तो माणूस बी माझ्यासारखाच. एकदा घडलं ते कशानं बी घडू शकतं, उलटं करून बघितल्याबिगर त्यानं मानलं न्हाई. आणि देव त्याच्यावर रागावला न्हाई. मग आपण बी उलटं मागू. तुम्ही मागा. मी तेवढं डब्यात कुणाचा हात जाणार न्हाई ते बघतो."

पाळकसाहेबांनी क्षणभर डोळे मिटले. शास्त्राच्या बाहेरचं काही असतं तर त्यांनी नकार दिला असता. पण मास्तर शास्त्राच्या आत शिरून बोलत होता. "बरं," ते म्हणाले. "होऊ द्या."

चर्चच्या कोठीत प्रीतिभोजनाची मोठी तांब्याची डेग होती. तिच्यात सबंध मंडळीचा भात शिजायचा. दोघांनी ती उचलून आणली आणि मापकावर पालथी घातली. डबा तिच्याखाली कुठल्या कुठं गडप झाला. मास्तरनं तिच्या कड्यांतून साखळी ओवली, कुंपणाच्या खांबाला आवळली आणि कुलूप लावलं. किल्ली कुणाकडं? मास्तरकडं असली तर लोक म्हणतील ह्यानं उघडलं. म्हणून मास्तरनं ती आपणहून पाळकसाहेबांच्या कोटाच्या खिशात टाकली. ह्या व्यवस्थेवर तो इतका खूश झाला की सुवार्ताला दाखवायला घेऊन आला.

सुवार्तानं डेगीभोवती एक फेरी मारली. "आणि पाऊस आला तर?"

"येत न्हाई. रेडिओनं सांगितलंय, आठवडाभर कोरडं."

"रेडिओनं सांगितलं!" सुवार्ता म्हणाली. "पाळकसाहेबांनी सांगितलं तर तुम्ही पुरावा मागता. रेडिओनं सांगितलं की आमेन."

मास्तरला राग आला. राग यायचं कारण ती बरोबर बोलली हे होतं.

दुपारच्या एसटीनं पाळकसाहेब लातूरला गेले. नव्या जिल्ह्याच्या गावी मिशनचे वरचे साहेब आले होते आणि चार इंचांची साक्ष सांगितल्याशिवाय पाळकसाहेबांना चैन पडणार नव्हती. कोट घालून गेले. किल्ली कोटात.

आणि चार वाजता वारं पडलं. औशाच्या अंगानं काळं-निळं काहीतरी उठलं. मास्तर शाळेतून घरी येत होता, तो रस्त्यात थांबला आणि बघत राहिला. आधी मातीचा वास आला, मग टपोरे थेंब, आणि मग जो कोसळला! पन्हाळी फुटल्या, गल्लीतून लोंढे निघाले. म्हातारी माणसं अंगणात येऊन उभी राहिली. सुवार्तानं घरातली घागर, पातेली, परात, डबे, चहाच्या कपासकट सगळं बाहेर मांडलं. सगळं गाव भिजत होतं, आणि पावसाचा डबा तेवढा डेगीखाली कोरडा बसला होता!

मास्तर धावत सुटला. पाळकसाहेबांचं दार वाजवलं, आणि मग आठवलं, किल्ली लातुरात! तो कुंपणात गेला. डेगीवर पाऊस असा वाजत होता की जणू तिच्यात पुन्हा मंडळीचा भात शिजायला घातलाय. त्यानं डेग हलवून पाहिली, साखळी ओढून पाहिली. शेवटी एक मोठा दगड उचलला आणि कुलपावर नेम धरला.

"थांबा मास्तर! त्याला लागंल!"

कुंपणाबाहेर साखराबाई उभी होती. पलीकडच्या शेताची मालकीण, सत्तरीची म्हातारी. लुगडं चिंब, कपाळावरचं कुंकू ओघळून नाकावर आलेलं, आणि तोंडभर हसू. "मारू नका त्याला. पावला की! तुमचा देव पावला! आता त्यो हंडा काढा त्याच्यावरचा, जीव गुदमरून राहिला आसंल त्याचा."

"कोणता देव, साखराबाई?"

"आता कोणता म्हंजी? ह्यो!" तिनं डेगीकडं हात केला. "रोज तुम्ही पुजता त्यो."

पावसाच्या आवाजात मास्तरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तो तारेपाशी गेला. म्हातारीच्या पोटात आता गोष्ट मावत नव्हती. "आमी आदी आमचा म्हादेव कोंडावा म्हणलं. गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवली की पाऊस येतोच, माझ्या सासूच्या टायमाला आला व्हता. पण गाभारा भराया शंभर घागरी लागत्यात. कुठनं आणायच्या? मग म्या म्हणलं, किरिस्तावांचा देव लहान हाय. चरवीभर पाण्यात बुडतोय. काल तुमी समदे उपाशी राहून रडत व्हते, म्हणलं आपण बी हातभार लावावा. आज पहाटंच आले आन् घातलं पाणी. बेतानं घातलं बरं, थेंब बी भुईवर सांडू दिला न्हाई."

"कुठलं पाणी?"

"घरचं. प्यायचं. सून बाळंतीण हाय, तिला तेवढं ठेवलं. माझ्या वाटचं घातलं. मला काय, म्हातारीला किती तहान लागती?"

मास्तर हातात दगड घेऊन उभा राहिला. कोण माणूस प्यायचं पाणी आणून पत्र्याच्या डब्यात ओतंल, ह्या बिनतोड प्रश्नाचं उत्तर त्याच्यासमोर निथळत उभं होतं. उपास करून प्रार्थना मंडळीनं केली, आमेन त्यानं म्हटलं, आणि दिवसभर तहानलेली राहिली ही. तिला सांगावं, बाई, हा देव नाही, हे जस्ताचं माप आहे? त्यानं तोंड उघडलं. पण तोंडात पाऊसच गेला, शब्द बाहेर आला नाही. त्याला रडू येत होतं, आणि पावसात ते बरं जमलं.

सुवार्ता परात डोक्यावर धरून आली. "अहो, कुलूप फोडायचं का न्हाई?"

मास्तरनं दगड खाली ठेवला. "अर्धा पाऊस पडून गेला. आता उघडलं तर उरलेला अर्धा मोजला जाईल. अर्धा आकडा म्हंजी तिसरं खोटं."

हे कारण खरं होतं. तेवढं एकच कारण होतं का, ते मात्र त्याला विचारू नका.

मंगळवारी पहिल्या एसटीनं पाळकसाहेब परत आले. घोट्यापर्यंत चिखल तुडवत थेट कुंपणाशी. गाव आधीच जमलेलं. त्यांनी कुलूप काढलं, चौघांनी डेग उचलली आणि मास्तर टोपी काढून वाकला. नरसाळं कोरडं. बाटली कोरडी. आतल्या बाजूला कोळ्यानं जाळं धरायला सुरुवात केली होती, तेही सुकं.

"डबा कोरडा आणि जमीन ओली!" पाळकसाहेबांचा आवाज फाटला. "दोन्ही चिन्हं! उलटं मागितलं, उलटं दिलं!"

मास्तर हळूच म्हणाला, "पाळकसाहेब, वर डेग होती."

"डेग कुणी ठेवली?"

"मी."

"ठेवायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली?"

"आणि कालचं पाणी साखराबाईनं ओतलं. मला तिनं स्वतः सांगितलं."

पाळकसाहेब थबकले. त्यांनी गर्दीत साखराबाईकडं पाहिलं. ती हात जोडून डब्याकडं बघत होती. ते म्हणाले, "तिला कुणी पाठवलं, मास्तर?"

देव माणसांच्या हातून काम करतो, कारणांच्या मागं तो असतो, हे मास्तर स्वतःच वर्गात इतकी वर्षं शिकवत आला होता. आता तेच वाक्य फिरून त्याच्या अंगावर आलं. पाळकसाहेबांना चमत्कार मिळाला होता. साखराबाईला तिचा पाऊस मिळाला होता. मास्तरला सगळी कारणं मिळाली होती, एकूण एक, आणि आकडा तेवढा नव्हता.

अण्णाराव कानाशी आला. "विहिरीत गुडघाभर गढूळ हाय, मास्तर. चार दिवसांत आटंल. तुमच्या हातात हाय."

पोस्टात मास्तरनं फोन उचलला. रस्ताभर त्यानं वाक्य घोकलं होतं, की मापक झाकलेला होता, मोजमाप झालं नाही. ते खरं वाक्य होतं. पण खरं वाक्य सांगितलं की नियमानं औशाचा आकडा लागणार, आणि औशाला काय झालं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बोला मास्तर," महादेवप्पांचा आवाज आला. "आमच्याकडं तर तीन इंच! तहसिलात पाणी शिरलं. तुमच्याकडं किती?"

मास्तरनं डोळे मिटले. "डब्यात शून्य."

"शून्य?" पलीकडं पेन थांबलं. "औशाला तीन, आन् माळसांगवीला शून्य?"

"डब्यात शून्य हाय, महादेवप्पा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच त्याला ते सांगताना घाम फुटला.

महादेवप्पा हसले. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर म्या जीप घेऊन तपासायला आलो असतो. पण तुम्ही सांगितलं म्हंजी झालं. तुमच्या बापाच्या वेळंपासून तुमचा आकडा आम्ही तपासत न्हाई. आमचा इस्वास हाय तुमच्यावर." आणि त्यांनी फोन ठेवला.

मास्तर रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिला. पोस्टमास्तरनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काय न्हाई."

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. चिखलात चाकं रुतत होती तरी केरबानं गाडी आणली होती, आणि रांग लागली होती. सुवार्तानं लांबूनच हाक मारली, "अहो, या की, घागर धरा!" मास्तर गेला आणि घागर घेऊन रांगेत उभा राहिला. त्याच्या मागं साखराबाई होती, हातात तीच चरवी. ती म्हणाली, "शून्य सांगितलं म्हणं तुमी. देवानंच सांगायला लावलं बगा."

मास्तरनं तिच्याकडं पाहिलं. मग तो बाजूला सरकला.

"साखराबाई, तुम्ही पुढं व्हा," तो म्हणाला. "तुमचं पाणी राहिलंय."